नंदाला गुण आला

रामकिसनच्या अंगणात गोधडी पेटली तेव्हा तिथं चिटपाखरूही नव्हतं, हे शपथेवर सांगायला अर्धं हसनाबाद त्या अंगणात जमलं होतं. मी गर्दीतून वाट काढत आत गेले. वलणीवर टाकलेल्या गोधडीला मधोमध भलंमोठं भोक पडलं होतं आणि कडेनं अजून धूर निघत होता. शेजारचं धोतर मात्र शाबूत होतं. ते नुकतंच पिळून टाकलेलं, ओलंचिंब होतं. पण लोकांना त्यातही खूण दिसत होती.

‘धोतर मालकाचं हाय. त्याला हात लावला न्हाई तिनं,’ एक म्हातारा म्हणाला.

‘तिनं म्हणजे कोणी?’ मी विचारलं.

सूर्य कुठं उगवतो असं विचारल्यासारखं त्यानं माझ्याकडे पाहिलं. ‘भानामतीनं, बाई.’

आमच्या भागात हा शब्द उच्चारला की पुढं विचार करायचं काम कोणाला उरत नाही. घरावर दगड पडले, भाकरीत केस निघाले, खुंटीवरची लुगडी पेटली, अंगावर काळ्या फुल्या उठल्या, की कोणीतरी करणी केली. आणि करणी झाली की ती करणारी बाई शोधायची. बहुतेक वेळा ती म्हातारी असते, विधवा असते आणि तिच्या मागं भांडायला कोणी नसतं. भानामतीला माणसं फार बरोबर निवडता येतात.

रामकिसन खाऊनपिऊन सुखी शेतकरी, गावात मान असलेला. तो ओट्यावर डोकं धरून बसला होता. चुलीवरच्या भिंतीला, दाराच्या चौकटीला, धान्याच्या कणगीला काळ्या फुल्या होत्या. त्याची बायको दुर्गाबाई दाराशी उभी होती आणि तिनं आपल्या मुलीला, नंदाला, पोटाशी घट्ट धरलं होतं. पोर बारा वर्षांची असेल. तिच्या डाव्या दंडावर तशीच फुली होती आणि भोवतीची कातडी सुजून फोड आले होते.

‘हे बिब्ब्यानं झालंय,’ मी म्हणाले. ‘बिब्बा उतलाय हिला.’

‘बराबर,’ कारभारी पाटील म्हणाले. गावातला शेवटचा शब्द त्यांचा असायचा. ‘भानामती फुल्या बिब्ब्यानंच काढती.’

मी नंदाकडे पाहिलं. सगळ्या अंगणात न घाबरलेला तो एकच चेहरा होता. डोळे मिटून ती आईच्या पदरात नाक खुपसून उभी होती. थंडीतून आलेलं माणूस चुलीजवळ उभं राहतं, तशी.

माझी ओळख आता सांगायला हवी. माझं माहेर जालन्याचं, घरची भाषा मारवाडी. शाळा निजामाच्या उर्दूत झाली आणि मराठी मी गल्लीत शिकले. लग्नानंतर लवकरच नवरा वारला. तेव्हा माझ्या वडिलांनी, मूलचंदजींनी, समाजाची बोलणी खाऊन मला शिकवलं. राजकुमारी हे त्यांनीच ठेवलेलं नाव. मुंबईत एक वर्ष मी अशा केंद्रात काम शिकले, जिथं मुक्या झालेल्या, बिथरलेल्या, चोऱ्या करणाऱ्या, अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांना कोणी मारत नसे. त्यांच्याजवळ बसत, त्यांना खेळू देत आणि मूल कशापायी असं वागतंय ते शोधत. हैदराबाद राज्य मोडून आम्ही मुंबई राज्यात आलो, त्याच्या पुढच्या वर्षी मी हसनाबादच्या मुलींच्या शाळेत रुजू झाले. बद्रीनारायणकाकांचं तिथं किराणा दुकान होतं, त्यांच्या माडीवर राहायची. शनिवारी दुपारी शाळेची एक खोली उघडून मुलांना चिखल, चिंध्या, खडू द्यायचे आणि गप्प बसायचे, एवढंच माझं काम. गावानं त्या खोलीचं नाव ‘बाईची रिकामी शाळा’ ठेवलं होतं.

गर्दी ओसरल्यावर मी रामकिसनजवळ गेले. म्हणाले, ‘नंदाला शनिवारची माझ्याकडं पाठवा.’

‘कशाला बाई? साळा तर बंद केली तिची.’

‘शिकायला नको. जरा खेळेल. अंग भाजून घेतलेली पोर आहे ती.’

‘घेतलेली न्हाई, भाजलेली,’ त्यानं मला दुरुस्त केलं. मग म्हणाला, ‘न्या. हितं तरी कुठं जीवाला थारा हाय.’

नंदाची शाळा सुटली होती तिचा भाऊ झाल्यापासून. फार नवसानं झालेला मुलगा. दुर्गाबाई शेतात गेली की बाळ नंदाच्या काखेला. दिवाळीनंतर बाळाला हगवण लागली, ताप चढला. एका दुपारी झोळीत असतानाच ते गेलं. झोळीची दोरी नंदाच्या हातात होती आणि नंदा झोपली होती. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा एवढंच माहीत होतं, की घरात एक मूल गेलंय आणि दुसरं कोणाशी बोलत नाही.

पहिल्या शनिवारी ती कोपऱ्यात बसून राहिली. नंतरच्या शनिवारी चिखल हातात घेतला. बाहुल्या केल्या, मोडल्या, परत केल्या. मी काही विचारलं नाही. असेच काही शनिवार गेले. मधूनमधून तिच्या घरी काहीतरी पेटतच होतं. मग एकदा सगळी मुलं गेल्यावर ती चिखलाची चूल करत होती आणि अचानक मोठ्या माणसासारखी म्हणाली, ‘बाई, लांबच्या घरी इस्तू न्यायचा तर कसा नेत्यात, ठावं हाय का तुमाला?’

‘नाही. कसा?’

‘गवरीचा तुकडा घ्यायचा पेटता. राखंत घोळायचा. वरून इझल्यावानी दिसतो, आतून जित्ता ऱ्हातो. मंग चिंधीत गुंडाळायचा. लई येळानं फुलतो.’

‘लई वेळानं म्हणजे?’

‘तवर आपण आडावर पाणी भरून राह्यलेलो असतो.’ ती माझ्याकडे बघत होती. मीही तिच्याकडे बघत होते. ‘बाला सांगणार तुम्ही?’

‘तू सांग म्हणशील तेव्हाच सांगेन. नाहीतर नाही.’

ती चुलीला चिखल थापत राहिली. असं का करतेस, हा प्रश्न मुलाला विचारायचा नसतो, हे मी मुंबईत शिकले होते. मुलाला त्याचं उत्तर ठाऊक नसतं. मी विचारलं, ‘गोधडी पेटली की मग काय होतं?’

‘माय पळत येती.’

‘मग?’

‘मला जवळ घेती.’

‘आणि एरवी?’

‘एरवी न्हाई.’ तिनं चुलीवर आणखी चिखल थापला. ‘एरवी बोलत बी न्हाई. बाळ गेल्यापून. एकडावच बोलली. म्हणली, तुला येक लेकरू संभाळता आलं न्हाई. मंग बोललीच न्हाई.’

बाळाच्या झोळीची दोरी हातात असताना आपण झोपलो, हे तिनं त्या दिवशी सांगितलं. पहिल्यांदा तिनं ती रिकामी झोळीच पेटवली होती. ती डोळ्यांसमोर नको म्हणून. पण आग बघून आई धावत आली, पोर जळाली की काय म्हणून तिला उराशी धरून रडली. इतक्या दिवसांनी. त्यानंतर नंदाला वाट सापडली. बिब्बा घरात होताच, बाळंतपणाचा उरलेला. भिंतीवरच्या फुल्यांनी माणसं जमतात पण आई जवळ येत नाही, हे लक्षात आल्यावर तिनं एक फुली स्वतःच्या दंडावर काढली.

ही झाली हसनाबादची भानामती. तिच्यात ना मंत्र होता ना मसण.

दुसऱ्या दिवशी मी दुर्गाबाईला गाठलं. ती सुपात ज्वारी निवडत होती. आगीचं मी बोलले नाही. मी नंदाला शब्द दिला होता. एवढंच विचारलं, ‘पोरीशी बोलत का नाही तुम्ही?’

ती खडे वेचत राहिली. ‘तोंड उघडलं की तेच निघंल, बाई. म्हून मिटून बसले.’

‘तेच म्हणजे?’

‘की तू निजलीच कशी.’ तिचा हात थांबला. ‘त्यो आधीच जायला लागल्ता. मला ठावं हाय. अंगावर पीत नव्हता, डोळे खोल गेल्ते. पोरीनं जागून काय व्हणार व्हतं? पण म्या त्या रोजी कापूस येचायला गेल्ते. मीच घरी नव्हते. आता हे कोणाच्या पदरात टाकू?’

‘हे सगळं तिला सांगा. तो आधीच जायला लागला होता, एवढं जरी सांगितलं तरी पुष्कळ होईल.’

तिच्या डोळ्यांतून पाणी सुपात पडलं. मला वाटलं, आता ही उठेल आणि आत जाईल. नंदा आतच भांडी घासत होती. दुर्गाबाईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘सांगीन. अमुश्या होऊ द्या. भुजंगबुवा येणार हायत. त्येंनी मंत्रानं घर बांधून दिलं की मंग सांगीन.’

भुजंगबुवा आले अमावस्येच्या दुपारी. पायघोळ कफनी, गळ्यात कवड्या, कपाळभर शेंदूर. त्या दिवशी काकांच्या दुकानात एक नारळ उरला नाही, लिंबं तर सकाळीच संपली. ‘बेटा, आज तू घरमेंच बैठ,’ काका मला म्हणाले. ‘अपने को इसी गाव में रहना है.’ मी गेले.

बुवा अंगणात फेऱ्या मारत होते आणि तोंडाची टकळी चालू होती. ‘दिसतं ते न्हाई, न्हाई ते दिसतं, भुजंगनाथाला सम्दं गवसतं. येक बाधा मसणातली, येक पाणोठ्याची, येक भिंतीपल्याडची. मसणातली पळती, पाणोठ्याची गळती, पर भिंतीपल्याडची? ती खाती घरचं आन् जाळती घरचं.’ यमक जुळलं की लोक हात जोडत. मंत्रात अर्थ नसला तरी चालतो, यमक लागतं.

मग त्यांनी आपली सुरी काढली आणि लिंबू कापलं. आतून तांबडा लाल रस ओघळला. बायाबापड्या मागं सरल्या.

‘रगत हाय,’ बुवा शांतपणे म्हणाले. ‘बाळाचं हाय.’

दुर्गाबाई मटकन खाली बसली. त्या माणसाला मी बाकी सगळं माफ केलं असतं, पण हे एक वाक्य नाही.

मग खणणं झालं. अंगणाच्या चारी कोपऱ्यांत चार बाहुल्या पुरल्यात, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या कोपऱ्यात स्वतःच्या हातानं माती उकरली आणि हातभर खोलीवरून कापडाची बाहुली वर काढली. पोटात सुया, गळ्यात काळा दोरा. ‘तीन सालं झाली पुरून. पुरणारी भिंतीपल्याड ऱ्हाती. रांडमुंड हाय. ह्या घरातली लेकरं तिच्याच हातावर जल्मली.’

नाव घ्यायची गरजच उरली नाही. घराच्या मागच्या भिंतीला लागून साळूबाई राहायची. गावची सुईण. नंदा तिच्याच हातावर जन्मली होती, ते बाळही. मी काही बोलायच्या आत लोक तिला धरून घेऊन आले. ती रडतही नव्हती, फक्त ‘काय झालं, काय झालं’ असं विचारत होती. कोणीतरी वरवंटा आणला. तोंडातले दात पाडले की मंत्र उमटत नाही, असं आमच्याकडे मानतात.

‘थांबा,’ मी म्हणाले आणि मधे जाऊन उभी राहिले. बाईमाणूस, त्यातही शाळेची बाई, म्हणून माणसं घटकाभर थांबली. ‘दात पाडायचे तर पाडा. पण बुवांची विद्या आधी नीट बघून घेऊ. तेवढ्यात साळूबाई कुठं पळून जात नाही.’

बुवांच्या ताटातलं एक लिंबू मी उचललं आणि दुर्गाबाईच्या विळीवर कापलं. पांढरा रस आला. दुसरं बुवांच्या सुरीनं कापलं. लाल. मग ती सुरी पाण्यात धुतली, पदरानं पुसली आणि तिसरं कापलं. पांढरा.

‘लिंबू तेच आहे. सुरी धुतली की बाळाचं रक्त जातं का?’ मी विचारलं. ‘जास्वंदीची फुलं घासून वाळवलीत हिच्यावर. आंबट लागलं की तो रंग लाल होतो. घरी जाऊन कोणीही करून बघा.’

‘कलजुग हाय,’ बुवा म्हणाले. ‘बाईमाणसानं सुरीला हात लावला, विद्या उतरली.’

‘असू दे. बाहुलीचं बघू.’ मी बाहुली कारभाऱ्यांच्या हातात दिली. ‘पाटील, तुमचं आयुष्य काळ्या मातीत गेलं. पागोटं पुरलं शेतात, तर तीन पावसाळ्यांनी कसं निघेल?’

पाटलांनी बाहुली दाबून पाहिली, वास घेतला. कापूस पांढराशुभ्र, सुया चकचकीत. ‘चिंधी बी न्हाई निघायची,’ ते हळूच म्हणाले.

रामकिसन उठला. दुसऱ्या कोपऱ्यात त्यानं स्वतः कुदळ चालवली. मांडीइतका खड्डा झाला, माती न् खडे यांच्यापलीकडे काही निघालं नाही. तो घामाघूम होऊन बुवांपुढं आला आणि त्यानं त्यांच्या कफनीची बाही धरून हिसका दिला. उरलेल्या तीन बाहुल्या जमिनीवर पडल्या.

गर्दीत हसू फुटलं. मलाही क्षणभर वाटलं, जिंकलो.

‘बुवा लबाड निघाला, ते बराबर,’ पाटील म्हणाले. ‘पर बाई, बुवा तर आज आल्ता. आग दोन महिन्यापून लागून राह्यली. ती कोण लावतं?’

हसू थांबलं. साळूबाईचा दंड धरलेला हात सैल झाला होता, तो पुन्हा आवळला. ‘आग माणूस लावतो, मंत्र नाही,’ मी म्हणाले.

‘कोणता माणूस?’

मी बोलले नाही. मला ठाऊक आहे, हे माझ्या तोंडावर त्यांना दिसत असणार. वरवंटा अजून त्या माणसाच्या हातात होता.

‘म्या लावली,’ नंदा म्हणाली.

ती चुलीशेजारून बाहेर आली होती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. ‘साळूआजीला सोडा. म्या लावली,’ ती परत म्हणाली आणि मागं वळून चुलीतला गवरीचा तुकडा चिमट्यानं काढून घेऊन आली. तो राखेत घोळला, जुन्या लुगड्याच्या चिंधीत गुंडाळला आणि चिंधी वलणीवर घडी घालून ठेवली. मग बाजूला जाऊन उभी राहिली.

सगळं अंगण वलणीकडे बघत उभं राहिलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग धुराची एक बारीक रेघ निघाली, घडीच्या मधोमध तांबडं टिंब दिसलं, वाऱ्याची झुळूक आली आणि चिंधी भपकन पेटली.

नंदानं आईकडे पाहिलं.

दुर्गाबाई जागची हलली नाही. तिच्या तोंडावर राग नव्हता. भीती होती, आणि ती आगीची नव्हती, पोरीची होती.

बाही रामकिसनच्या मुठीत असतानाच भुजंगबुवा बाहुल्या गोळा करत होते. ते सावकाश उभे राहिले. लबाड माणसाला एक गोष्ट येते, कोणती वेळ आपली आहे हे त्याला कळतं. ‘बगा,’ ते म्हणाले. ‘येवढीशी पोर. बापाचं घर म्या जाळलं, असं चारचौघांत बोलंल? डोळ्यात पाणी न्हाई तिच्या. ही पोर बोलून न्हाई राह्यली. तिच्या आतली बोलून राह्यली.’

अंगणात जो श्वास सुटला तो मला अजून ऐकू येतो. सुटकेचा श्वास होता तो. लोकांना उत्तर मिळालं होतं, आणि ते कोणालाच अवघड नव्हतं. रामकिसननं बुवांची बाही सोडली.

मी त्याला ओट्यावर ओढून नेलं. नंदानं मला सांगितलेलं सगळं त्याला सांगितलं. झोळी, आई, एरवी न्हाई. ‘तिला बाधा नाही हो. दुःख आहे.’

त्यानं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. ‘बाई, तुमचं खरं बी आसंल,’ तो म्हणाला. ‘पर माझ्या लेकीनं माझं घर पेटवलं, आसं म्हणलं तर उद्या तिला कोण करून घेईल? बाधा व्हती, उतरली, आसं म्हणलं तर समदे इसरत्यात. तुमच्या खऱ्याचं म्या काय करू?’

‘मला थोडे महिने द्या. मी बसते तिच्याजवळ. दुर्गाबाईंजवळही बसते.’

‘बसून काय व्हतं, बाई?’

याला उत्तर होतं, पण ते एका दुपारी दाखवता येण्यासारखं नव्हतं. बुवांचं उत्तर तिथंच हातात होतं.

पुढच्या आठवड्यात नंदाला डोंगरावरच्या एका देवाच्या ठाण्यावर नेऊन ठेवलं. बाधा झालेल्यांना तिथं खांबाला बांधतात, सकाळी मिरच्यांची धुरी देतात, आरतीला घुमायला लावतात. जो घुमत नाही त्याची बाधा मोठी. नंदा घुमत नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा तिच्या पायाला साखळी होती आणि घोट्याला जखम. मी जवळ बसले. ती म्हणाली, ‘बाई, म्या खरं सांगितलं व्हतं.’ एवढंच. पुजाऱ्यानं मला उठवलं.

मी फौजदारांकडे गेले. ते म्हणाले, बापानं स्वतःच्या पोरीला उपचाराला ठेवलंय, यात गुन्हा कोणता. जालन्याला ओळखीच्या एका डॉक्टरांकडे गेले. भला माणूस, त्यांनी मला चहा पाजला. ‘ताप असता तर उतरवला असता,’ ते म्हणाले. ‘पुण्याला वेड्यांचं इस्पितळ आहे, पण ही वेडी नाही. लहान आहे. तिथं पाठवली तर वेडी होईल. तुम्ही मुंबईत शिकलात ना? तिकडं न्या.’ मुंबईचं केंद्र तिला घ्यायला तयार होतं. रामकिसन नव्हता. मुंबईला राहून आलेल्या पोरीचं लग्न कोण करणार?

साळूबाई एकदा आडावर भेटली. तिच्या तोंडातले दात शाबूत होते, म्हणून मला तिला बघून बरं वाटायचं. माझ्या हाताला धरून ती म्हणाली, ‘तुमचे लई उपकार, बाई. पर पोरीला बाधाच हाय बरं का. न्हाईतर आसं कोण बोलतं? माझ्यावरची बला त्या लेकरावर गेली.’ मी घागर भरून घरी आले.

उन्हाळ्यात नंदाला परत आणलं. त्यानंतर रामकिसनच्या घरात काही पेटलं नाही. फुल्या उमटल्या नाहीत. नंदा पहाटे उठायची, सारवायची, दळायची, विचारलं तेवढं बोलायची. गाव म्हणालं, पोरीला गुण आला. ठाण्याचं नाव झालं. हसनाबादहून आणखी दोन घरची माणसं तिकडं निघाली. माझ्या शनिवारच्या खोलीत मुलं येईनाशी झाली. बाईकडं जाऊनच पोरगी तसलं बोलायला शिकली, अशी बोलवा होती. काही शनिवार मी एकटीच दार उघडून बसले. मग शाळेच्या वरिष्ठांनी ती खोली दुसऱ्या वर्गाला दिली.

पुढच्या लग्नसराईत नंदाला शहागडला दिली.

दोनेक वर्षांनी मी बीडला चालले होते. शहागडला मोटार थांबली, तिथं रस्त्याकडेला ट्रकवाल्यांची चहाची हॉटेलं आहेत. त्यांतल्याच एकापुढच्या रांजणात एक बाई घागर ओतत होती. मी उतरले.

‘बरी आहेस नंदा?’

‘बरी हाय.’

‘माय येते का भेटायला?’

‘येती. पंचमीला आल्ती.’

‘बोलते का आता?’

ती पदर नीट करत राहिली. ‘बोलती की,’ ती म्हणाली. ‘आता मला काई व्हत न्हाई ना.’ आतून कोणी हाक मारली आणि ती रिकामी घागर घेऊन गेली. तिनं वळून पाहिलं नाही. मोटारवाल्यानं भोंगा वाजवला.

बुवांच्या लबाड्या उघड करणं अवघड नसतं. थोडं धाडस लागतं, थोडं शास्त्र. नंदाला गुण कसा आला, हे मात्र मला आजवर कोणी विचारलेलं नाही, म्हणून न विचारता सांगते. खरं बोललेल्या लेकराला साखळीनं बांधलं, की ते खरं बोलायचं थांबतं. घरात शांतता होते. त्या शांततेला लोक गुण म्हणतात आणि नारळ फोडतात. त्या ठाण्याची विद्या एवढीच आहे, आणि ती बुवांच्या सुरीपेक्षा जास्त घरांत चालते.

तुमच्या घरात कधी कपडे पेटले, दगड पडले, अंगावर फुल्या उठल्या, तर बुवाला बोलावू नका आणि भिंतीपल्याडच्या म्हातारीकडे बोट दाखवू नका. घरातलं कोणतं लेकरू अलीकडं गप्प झालंय ते आधी बघा. त्याच्याजवळ बसा. ते जे सांगेल ते ऐका, आणि ऐकून झाल्यावर ते त्याचंच बोलणं आहे असं माना.